केदारनाथ सरांची चुकांची वही

१

केदारनाथ सरांची वही कपाटातून नाहीशी झाली, आणि अर्धा तास झाला नाही तोच शाळेनं चोरही पकडला. इतकी चपळाई त्या शाळेनं जन्मात दाखवली नव्हती. मागच्या खोलीवरचा पत्रा उडून तीन पावसाळे झाले, तो बसवायला कुणाला सवड नव्हती. पण शिपाई मनकर्णाच्या डब्याच्या पिशवीत हात घालायला मात्र सगळ्या स्टाफला सवड मिळाली.

पिशवीत भाकरी होती, ठेचा होता आणि वहीचं एक पान होतं. झालं!

शुक्रवार, तेरा डिसेंबर एकोणीसशे शहाण्णव. नेकनूरच्या अलीकडं फाट्यावर ईश्वरप्पाचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. शाळा सुटायच्या आत मनकर्णा तिथं येऊन उभी राहिली. वय सव्वीस-सत्तावीस, नवऱ्यानं टाकलेली. रडत नव्हती. रडली असती तर ईश्वरप्पाला बरं वाटलं असतं, कारण रडणाऱ्या माणसाला पाणी तरी देता येतं.

"अप्पा, एकवीस तारखेला संस्थेची बैठक हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी मला कायम करणार होते. आता काढणार हायेत. मला वही कशाला लागती अप्पा? तुमी शोधा. आठ दिवस हायेत."

"मी काय पोलीस हाय का?"

"पेपर फुटलता तवा कुठल्या मशीनवर छापला ते तुमीच सांगितलतं. नुसता कागद बघून."

ते खरं होतं. ईश्वरप्पा पुस्तकं विकायचा, त्याहून जास्त बांधायचा. कागद, खळ, दोरा यातच त्याची चाळिशी उलटली होती, आणि माणसांपेक्षा कागद बरा असं त्याचं मत झालं होतं. कागद निदान एका बाजूनं कोरा असतो.

आणि ही वही तर त्याच्याच हातची. केदारनाथ सरांनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. चाचणी झाली की ज्या पोराचं स्पेलिंग चुकलं त्याचं नाव, तारीख आणि चूक ते वहीत उतरवायचे. मारायला नव्हे. खाली लिहायचे, हे पोरगं का चुकलं आणि हा शब्द कुठून आला. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी गाळणाऱ्या पोराच्या नावाखाली लिहिलं होतं: 'पूर्वी इंग्रज लोक स्वतः हा बी लिहीत नसत. आपला शब्द लॅटिन घराण्यातला आहे हे दाखवायला पंडितांनी तो मागाहून घुसवला. पोरगं बरोबर आहे, फक्त पाचशे वर्षं उशिरा जन्मलं.' वही भरली की ईश्वरप्पा तिला नवे कागद शिवून द्यायचा. शिवता शिवता ती वीटभर जाड झाली होती. ईश्वरप्पा स्वतः तिच्यात दोनदा होता.

"कपाटाची किल्ली कुणाकडं असती?" त्यानं विचारलं.

"माझ्याकडंच की," मनकर्णा म्हणाली. "त्याच्यानंच तर मेले."

२

केदारनाथ सर घरी खाटेवर बसले होते. दिवाळीच्या सुट्टीत बीडला दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, एक डोळा बिघडला होता. त्यावर हिरवी पट्टी होती आणि दुसऱ्यातून धुरकट दिसायचं. मार्चमध्ये ते रिटायर होणार होते. दिवाळीपासून रजेवरच होते, आणि आदल्या दिवशी निरोप धाडून आज सकाळी वही घरी न्यावी म्हणून शाळेत गेले तर कपाट रिकामं.

"ईश्वर, पुन्हा लिहिणं व्हायचं न्हाई रे आता माझ्याच्यानं," ते म्हणाले. "डोळे गेले, ते गेले. पण पोरांची नावं होती त्यात. कोण कुठं अडखळलं ते होतं."

"तुमाला काय वाटतं सर? मनकर्णानं नेली असंल?"

सर एकदम तडकले. "अक्कल हाय का तुला? त्या पोरीला एबीसीडी मी शिकवली. खडूचा तुकडा खाली पडला तर उचलून टेबलावर ठेवायची. दुसरं बोल."

ईश्वरप्पानं मान खाली घातली. चाळिशी उलटलेल्या माणसाला असं बोलणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

"रजेवर असताना वहीत कोण लिहायचं?"

"सोमेश्वर. मीच सांगितलतं, चाचणी घे आणि चुका उतरव, खंड पडू देऊ नको. जूनला लागलेला पोरगा हाय, बीडहून येऊन-जाऊन करतो. हुशार हाय. शब्दांच्या गोष्टी तासन्‌तास ऐकायचा माझ्याकडून." सर थांबले. "क्ल्यू शब्द ठाऊक हाय का तुला? मुळात सुताचा गुंडा. भुलभुलैयात शिरायचं तर दारात एक टोक बांधायचं आणि गुंडा सोडत जायचं, म्हणजे परत येता येतं. तूही टोक धर आधी. वही शेवटची कुणी बघितली ते विचार."

निघताना ईश्वरप्पानं सहज विचारलं, "मोहनराव आलते का भेटायला?" मोहनराव म्हणजे हेडमास्तर.

"तो कशाला येतो! हजेरीवरून दोन वर्षं बोलत न्हाई आमी. मी म्हणलो, खोट्या हजेऱ्या लावतो तू, एक दिवस बीडला जाऊन शिक्षणाधिकाऱ्याला सांगतो. तवापासून तोंड फिरवतो."

म्हणजे वही नाहीशी व्हावी असं वाटणारा एक माणूस तर निघाला. त्या वहीत तारीखवार नावं होती, आणि तीही खरोखर वर्गात बसलेल्या पोरांची. हेडमास्तरला असलं पुस्तक कसं परवडणार? ईश्वरप्पाचं डोकं भणभणायला लागलं.

३

सोमवारी तो शाळेत गेला. सोमेश्वर सरांनी खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. तीस वर्षांचा गोरागोमटा माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलणं लोण्यासारखं.

"शेठ, मला स्वतःला वाईट वाटतं हो. गरीब बाई आहे. पण गुरुवारी आठवी ब वर सरांचा मोकळा तास होता, मी चाचणी घेतली. चार वाजता वहीत दोन चुका उतरवल्या, वही कपाटात ठेवली, किल्ली तिच्या हातात दिली. शुक्रवारी सकाळी वही नाही. मधल्या वेळात किल्ली तिच्याकडंच. आता तुम्हीच सांगा."

"पिशवीत सापडलेलं पान तेच?"

"तेच. गुरुवारचं. माझंच अक्षर आहे."

पान हेडमास्तरांच्या टेबलावर पुराव्यादाखल ठेवलं होतं. ईश्वरप्पानं ते उजेडाला धरलं. कागद त्याचाच, दोन वर्षांपूर्वी शिवलेल्या पुरवणीतला. शिवणीलगत ब्लेडनं सरळ कापलेला. पान अस्सल होतं, त्यात वादच नव्हता. वर तारीख बारा डिसेंबर, खाली दोन नोंदी. मुंजाजी, आठवी ब: 'वेनस्डे'मधला डी गाळला. गहिनीनाथ, आठवी ब: 'शुगर' एस-एच घालून लिहिलं, खाली टीप, हा शब्द मूळ आपला शर्करा, अरबांच्या तोंडून फिरत फिरत इंग्रजांकडं गेला.

ईश्वरप्पानं दोन्ही नोंदी चिठ्ठीवर उतरवून घेतल्या.

"एवढ्या वहीतलं एकच पान तिनं कशाला ठेवलं असंल सर?"

"घाईत राहिलं असेल. चोराच्या मनातलं आपल्याला कसं कळणार?" सोमेश्वर हसला. "दिवाळीच्या सुट्टीत दहावीचे जादा तास मी घेतले तेव्हा पंधरा दिवस किल्ली माझ्याकडं होती. एक खडू इकडचा तिकडं झाला नाही. ती आली आणि हे झालं."

उठताना त्यानं पिवळ्या जाहिरातींचा गठ्ठा पुढं केला. "तेवढं दुकानात ठेवा शेठ. बीडला क्लास काढतोय, सव्वीस जानेवारीपासून. आता जमाना इंग्रजीचा आहे, खेड्यातलं पोरगं पण मागं राहायला नको." जाहिरातीवर लिहिलं होतं: 'स्पोकन इंग्लिश. शब्दांच्या जन्मकथांसह. पुस्तक मोफत.'

ईश्वरप्पानं गठ्ठा काखेत मारला. माणूस डोळ्यात सलायला लागला होता. पण हातात काय होतं? जन्मकथा काय कुणीही सांगेल, अन्‌ किल्ली पंधरा दिवस होती म्हणून कुणी चोर ठरत नाही. वही गुरुवारी चारपर्यंत कपाटात होती, तर ती दिवाळीत गेली असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? अन्‌ ती गुरुवारी होती याला साक्षीदार ते पान.

दोन दिवस तो त्या दोन चुकांतच डोकं घालून बसला. चुकांतून काही निघेना. आठवीच्या कुठल्याही पोरानं केल्या असत्या अशा त्या होत्या. वर्गातल्या पोरांना विचारलं तर म्हणाली, "व्हय, सोमेश्वर सरांनी लिहून घेतलं कायतरी." म्हणजे चाचणीही झाली होती.

बुधवारी संध्याकाळी मनकर्णा दुकानावरून गेली. आत आली नाही, नुसतं बघितलं. ईश्वरप्पानं उगाच खळीचं भांडं ढवळायला घेतलं.

४

गुरुवारी सकाळी त्यानं ठरवलं, आता त्या दोन पोरांनाच विचारायचं. सोमेश्वर सर चुका उतरवताना तिथं होते का, वही बघितली का, कपाटात ठेवताना दिसली का. दुकान बायकोवर, शिवम्मावर, टाकून तो चालत वस्तीवर गेला.

गहिनीनाथच्या घराला कुलूप होतं. कुलपाला बोराटीची फांदी आडवी बांधलेली. शेजारच्या मुंजाजीच्या घराला तेच. ओसरीवर छबुबाई म्हातारी तूर निवडत बसली होती.

"मावशी, ही लोकं कुठं गेली?"

म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं की ईश्वरप्पाला आपली टोपी तरी जाग्यावर आहे का ते चाचपावं वाटलं. "येड लागलं का रं ईश्वरप्पा? कुठं जातेत? उसाला गेलीत. दिवाळीच्या पाडव्याला टोळी गेली कर्नाटकात. पोरं मागं कुणापाशी ठिवायची? सगळ्यांची पोरं गेलीत."

ईश्वरप्पा ओसरीवरच बसला.

तो काय हे विसरला होता? अरे, या पोरांची दप्तरं त्याच्याच दुकानाच्या माळ्यावर होती! टोळी निघायच्या दिवशी पोरं यायची, बंद घरात उंदीर-वाळवी लागते म्हणून दप्तर अप्पाकडं ठेवून जायची, आणि उन्हाळ्यात परत आली की घेऊन जायची. दर वर्षीचं होतं हे. एकट्या आठवी ब ची अठ्ठावीस दप्तरं, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. ती बांधून ठेवणारा माणूस चिठ्ठीवर गहिनीनाथ हे नाव चार दिवस वाचत होता आणि त्याच्या टाळक्यात उजेड पडला नव्हता. कारण पोरं उसाला गेली तरी शाळेच्या हजेरीत हजरच असतात, हे सगळ्या गावाला इतकं सवयीचं होतं की दोन्ही गोष्टी एकत्र धरायचं कुणाला सुचतच नव्हतं. गावचा पट टिकतो, मास्तरांच्या जागा टिकतात, पोरांची नावं टिकतात. कुणी बोलत नाही.

फक्त सोमेश्वरला ते ठाऊक नव्हतं. जूनला लागलेला, बीडचा, पाचच्या एसटीनं परत जाणारा माणूस. आठवीवर त्याचे तास नव्हते, पटावर किती आणि बाकावर किती हे त्यानं कधी मोजलं नव्हतं. आठवी ब ची हजेरी मोहनराव स्वतः भरायचे.

ईश्वरप्पानं तिथंच, छबुबाईच्या ओसरीवर, टोकापासून सूत गुंडाळायला घेतलं. ज्याला खरोखर वही भरायची असते तो पोरांचे पेपर बघतो. वर्गात उरलेल्या एकोणीस पोरांच्या पेपरात शंभर चुका सापडल्या असत्या. ज्याला फक्त पान दाखवायचं असतं तो पेपर कशाला तपासतो? तो हजेरी उघडतो आणि हजर असलेली दोन नावं उचलतो. पान अस्सल, अक्षर कबूल, आणि नोंद खोटी. मग अस्सल कोरं पान त्याच्याकडं आलं कुठून? वहीतून. म्हणजे वही त्याच्याकडं होती, दिवाळीच्या सुट्टीपासून, आणि सर रजेवरून वही मागायला येणार म्हणताच ती गुरुवारपर्यंत कपाटात होती असं दाखवायला ते पान मनकर्णाच्या पिशवीत सरकवणं त्याला भाग पडलं.

"मावशी," तो उठत म्हणाला, "लई उपकार झाले."

"कशाचे?" छबुबाईनं विचारलं. पण तो निम्म्या वाटेवर पोचला होता.

५

शुक्रवारी, बैठकीच्या आदल्या दिवशी, तो हेडमास्तरांच्या खोलीत बसला. समोर मोहनराव, शेजारी सोमेश्वर, दारात पाण्याचा तांब्या धरून मनकर्णा. ईश्वरप्पानं सगळं ओळीनं सांगितलं. किल्ली, जाहिरात, पान, कुलूप. कर्नाटक हा शब्द उच्चारला तेव्हा सोमेश्वरच्या चेहऱ्यावरचं लोणी वितळलं.

"वही कुठं हाय बे?" ईश्वरप्पा म्हणाला. आता सर-बिर संपलं होतं.

सोमेश्वरनं मोहनरावांकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "बीडला. टायपिंगला दिली. शिवण उसवून पानं वेगळी केली, चार मुलींना वाटून. वही आता वही राहिली नाही."

ईश्वरप्पाला वाटलं, सुटली पोरगी. त्यानं सुस्कारा टाकला.

मोहनराव उठले, मनकर्णाला आत घेऊन दार लावलं, आणि कपाटातून आठवी ब चं हजेरीपत्रक काढून त्याच्यापुढं ठेवलं.

"वाचा अप्पा. बारा डिसेंबर. गहिनीनाथ हजर. मुंजाजी हजर. खाली सही कुणाची? माझी."

"पोरं उसात हायेत मोहनराव."

"मला ठाऊक न्हाई का? पण तुमचा सगळा पुरावा त्याच्यावर उभा हाय. उद्या बैठकीत मी म्हणू का, पोरं नव्हती म्हणून?"

"म्हणा की. खरं हाय ते."

"सत्तेचाळीसचा पट, बाकावर एकोणीस. आठवी ब बंद, नववी ब बंद. पहिली जागा शिपायाची जाती. जिला वाचवायला निघालात तिचीच." मोहनरावांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "आणि उन्हाळ्यात पोरं येतील ती कुठं बसतील? एकदा नाव कमी झालेलं पोरगं पुन्हा शाळेत येतं का? बघितलंय का तुमी एक तरी?"

"मग हजेरीचं ऱ्हाऊ द्या. या माणसाला गुपचूप काढा."

सोमेश्वरनं पहिल्यांदा मान वर केली. "मला काढलं तर मी पण बीडला जाईन. हजेरीचं सांगायला."

असा निर्लज्ज माणूस! ईश्वरप्पाचा हात शिवशिवला. "तू कशाला जातो, मीच जातो," तो ओरडला. "आजच अर्ज लिहितो शिक्षणाधिकाऱ्याला. बुडू दे सगळी शाळा. एका पोरीला चोर करून चालणारी शाळा हवी कुणाला?"

"अप्पा," मनकर्णा म्हणाली. "नका लिहू."

"तू गप."

"न्हाई गपणार. मी पण अशीच शिकले अप्पा. सहा-सहा महिने आईसंग उसात असायचे आणि इथं माझी हजेरी लागायची. हजेरी लागली म्हणून नाव ऱ्हायलं, नाव ऱ्हायलं म्हणून दहावी झाले. केदारनाथ सर रागवायचे मोहनराव सरांवर, पण मला माहीत हाय ना, नाव कमी झालेल्या पोरी कुठं गेल्या ते. माझ्याबरोबरच्या सगळ्यांची लग्नं तेराव्या वर्षी झाली." तिनं तांब्या टेबलावर ठेवला. "माझ्यापायी अठ्ठावीस पोरांची नावं घालवू नका. मी राजीनामा देते. आई एकटीच अर्धा कोयता म्हणून राबती तिकडं, तिला जोड होईल."

"चोर म्हणून जाशील?"

"जाते की. ऊस तोडायला कोण विचारतंय?"

मोहनरावांनी कागद पुढं केला. त्यांचे डोळे ओले होते, हेही खरं. पण कागद पुढं केला.

६

रविवारी मनकर्णा ट्रकनं गेली. सोमवारी केदारनाथ सरांनी ईश्वरप्पाला निरोप धाडून बोलावलं.

"तिला काढली म्हणं."

"व्हय सर. राजीनामा दिला."

"कावून दिला? तू शोधत होतास ना? चोर सापडला का?"

"न्हाई सापडला सर."

"मग तिला कशी काढली?" सर खाटेवरून पाय खाली सोडून चपला चाचपायला लागले. "मी उद्याच बीडला जातो. वहीचं गेलं खड्ड्यात. पोरीसाठी जातो. मोहनरावाला उभं करतो शिक्षणाधिकाऱ्यापुढं, आठवी ब ची हजेरी मागवतो, त्या दिवशी कोण शाळेत होतं ते तपासायला लावतो. आपोआप निघतं सगळं. तू फक्त एसटीत बसवून दे मला."

ते गेले असते. एका धुरकट डोळ्यावर, लोकांना फलाट विचारत, ते नक्की गेले असते. आणि त्यांनी सांगितलेलं बीडात कुणी खोटं मानलं नसतं. ईश्वरप्पाच्या डोळ्यापुढं दारातली मनकर्णा उभी राहिली. आजच्या दिवसापर्यंत तो या माणसाशी एकदाही खोटं बोलला नव्हता, लहानपणीसुद्धा नाही.

"सर, बसा," तो म्हणाला. "जाऊ नका. वही तिनंच नेली."

सरांचा हात चपलेवर थांबला.

"तू बघितलंस?"

"मला म्हणाली ती स्वतः."

बाहेर कुणाच्या तरी टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती. मग त्यांनी पाय वर घेतले आणि पांघरूण गुडघ्यावर ओढलं.

"नेली तर नेली," ते म्हणाले. "तिला वाचता येतंय, म्हणून नेली असंल. कुणाच्या हाती कळव, ईश्वर. म्हणावं, सर रागावले न्हाईत. मागची चार वर्षं आधी वाच म्हणावं, ती चांगली लिहिलीत."

"कळवतो सर," ईश्वरप्पा म्हणाला.